धावपट्टी झाली, पुढे काय? चिपी आणि चिकलठाणा: दोन विमानतळांचा एक पाठ



परिसर अभ्यासात वाहतुकीचा विषय आला की मुलं रस्ते, लोहमार्ग, जलमार्ग आणि हवाईमार्ग ही चार नावं धडाधड म्हणून दाखवतात. हवाईमार्गापुढे 'सर्वांत जलद पण महाग' एवढं एक वाक्य लिहिलं की आपलंही काम झालं. पण आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या मुलांनी चिकलठाण्याला उतरणारी विमानं पाहिलेली असतात. त्यांचे प्रश्न या एका वाक्यात मावत नाहीत.

त्यातला एक प्रश्न फार चांगला आहे. कोकणात सिंधुदुर्ग जिल्ह्यात चिपी इथे विमानतळ झाला. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि मुंबईहून विमान येऊ लागलं. बरोबर तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ती मुंबईची सेवा थांबली. धावपट्टी आहे, इमारत आहे, मग विमान का थांबलं?

मोठी माणसंसुद्धा याचं उत्तर 'राजकारण हो, दुसरं काय' असं देऊन मोकळी होतात. त्याने मुलांच्या हाती काही लागत नाही. खरं उत्तर भूगोलात आहे, विज्ञानात आहे आणि चौथीच्या गुणाकारातही आहे. विमानतळ एकदा बांधला की झाला, असं नसतं. तो रोज चालवावा लागतो. हे मुलांना उदाहरणांनी कसं समजावता येईल ते या लेखात पाहू. समुद्राकाठचा चिपी आणि आपल्या पठारावरचा चिकलठाणा, असे दोन विमानतळ शेजारीशेजारी ठेवू.

१. जागा: कोकणात सपाट जमीन कुठे सापडते?

फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढा. डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे सह्याद्री आणि मध्ये कोकणाची चिंचोळी पट्टी. या पट्टीत डोंगर, नद्या, खाड्या, भातखाचरं आणि नारळी-पोफळीच्या बागा. आता मुलांना विचारा, 'इथे अडीच किलोमीटर लांबीची सरळ, सपाट जागा कुठे मिळेल?'

उत्तर आहे 'सडा'. जांभा दगडाच्या उंच, सपाट पठाराला कोकणात सडा म्हणतात. सड्यावर माती फार पातळ असते. उन्हाळ्यात तो तांबूस-काळा, उघडा दिसतो आणि पावसाळ्यात गवताने, रानफुलांनी भरून जातो. चिपीचा विमानतळ वेंगुर्ले तालुक्यात अशाच सड्यावर आहे. मालवण, वेंगुर्ले आणि कुडाळ ही तिन्ही गावं तिथून रस्त्याने गाठता येतात. नकाशात ती तीन टिंबं देऊन मध्ये चिपी दाखवा.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. आपण दख्खनच्या पठारावर आहोत. चिकलठाण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८२ मीटर उंचीवर आहे. सपाट जमीन मिळणं ही आपली मोठी अडचण नव्हती. हा ५८२ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

२. वारा: ०९ आणि २७ हे आकडे काय सांगतात?

धावपट्टीच्या दोन्ही टोकांना मोठमोठे आकडे रंगवलेले असतात. चिकलठाण्याला ते ०९ आणि २७ असे आहेत. गंमत म्हणजे चिपीलाही ०९ आणि २७ च आहेत.

हे आकडे दिशेचे आहेत. होकायंत्रात उत्तर म्हणजे ० किंवा ३६० अंश, पूर्व ९०, दक्षिण १८० आणि पश्चिम २७०. या अंशातलं शेवटचं शून्य काढून टाकलं की धावपट्टीचा आकडा मिळतो. ०९ म्हणजे पूर्वेकडे तोंड, २७ म्हणजे पश्चिमेकडे तोंड. मुलांना इथे एक कोडं घाला: ०९ हा आकडा धावपट्टीच्या कोणत्या टोकाला रंगवलेला असेल? बहुतेक मुलं 'पूर्वेच्या' असं म्हणतील. पण वैमानिक पूर्वेकडे तोंड करून धावायला सुरुवात करतो ती पश्चिमेच्या टोकापासून. म्हणून ०९ पश्चिम टोकाला असतो. दोन्ही आकड्यांतला फरक नेहमी १८ असतो, कारण विरुद्ध दिशांमध्ये १८० अंशांचं अंतर असतं. कोनाचा पाठ शिकवताना हे उदाहरण फार उपयोगी पडतं.

मग धावपट्टी पूर्व-पश्चिमच का? पतंग उडवताना आपण वाऱ्याकडे तोंड करून धावतो, म्हणजे पतंग लवकर वर चढतो. विमानाचंही तसंच आहे. समोरून वारा मिळाला तर पंखांवरून हवा जोरात वाहते आणि कमी अंतरात विमान उचललं जातं. उतरतानाही समोरचा वारा मदत करतो. म्हणून त्या भागात नेहमी वाहणारा वारा पाहून धावपट्टीची दिशा ठरवतात.

इथे खारे वारे आणि मतलई वारे हा धडा जोडून घ्या. दिवसा जमीन लवकर तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे येतात. रात्री उलट होतं, जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे जातात. कोकणचा किनारा साधारण उत्तर-दक्षिण आहे, म्हणजे हे दोन्ही वारे साधारण पूर्व-पश्चिम रेषेत ये-जा करतात. धावपट्टीचीही तीच रेषा. 'खारे वारे कशाला शिकायचे?' असं विचारणाऱ्या मुलाला हे उत्तर पटतं.

३. लांबी आणि उष्णता: आपल्याकडे विमानाला जास्त पळावं का लागतं?

चिपीची धावपट्टी २,५०० मीटर लांब आहे, चिकलठाण्याची २,८३५ मीटर. हे आकडे मुलांच्या डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून कबड्डीच्या मैदानाने मोजायला सांगा. मोठ्यांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं. चिपीला अशी १९२ मैदानं एकापुढे एक बसतात, चिकलठाण्याला २१८. भागाकार मुलांनाच करू द्या.

विमानाला किती लांबी लागते हे त्याच्या आकारावर आणि वजनावर असतं. चिपीला मुंबईहून येणारं विमान एटीआर ७२ जातीचं होतं. पुढे दोन पंखे फिरणारं, साधारण ७० आसनांचं. अशा विमानाला १,३०० ते १,४०० मीटरही पुरतात. १८० आसनांच्या मोठ्या जेट विमानाला त्यापेक्षा बरीच लांब धावपट्टी लागते.

आता तो ५८२ चा आकडा काढा. उंचीवर गेलं की हवा विरळ होते. तापली तरी विरळ होते. आपल्याकडे दोन्ही गोष्टी एकत्र येतात. एप्रिलमधली दुपार, तापमान ४० अंश आणि उंची ५८२ मीटर असं धरून गणित केलं, तर इथली हवा किनाऱ्यावरच्या ३० अंशांच्या हवेपेक्षा साधारण दहा टक्के विरळ भरते. विरळ हवा पंखांना कमी उचलते आणि इंजिनाचा जोरही कमी होतो. म्हणून तेच विमान, तेवढ्याच वजनाचं, चिपीपेक्षा चिकलठाण्याला जास्त पळून मग उडतं.

कोकणाची परीक्षा वेगळ्या वेळी असते. तिथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आपल्याकडे सातशेच्या आसपास. ओल्या धावपट्टीवर विमान थांबायला जास्त अंतर लागतं. धुवाधार पावसात धावपट्टी दिसत नाही. धावपट्टी डोळ्यांनी न दिसताही विमानाला खाली आणणारी यंत्रणा मोठ्या विमानतळांवर असते. ती नसेल तर वैमानिकाला वाट पाहावी लागते किंवा परत फिरावं लागतं. असं चार वेळा झालं की प्रवासी म्हणतो, 'नको रे बाबा, रेल्वेच बरी.'

४. धावपट्टीच्या टोकापलीकडे

हा भाग मुलांना सांगताना आवाज खाली आणावा लागतो. पण तो वगळू नका. आपल्या शहरातल्या चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच लोकांना तो दिवस आठवतो.

२६ एप्रिल १९९३. दिल्लीहून जयपूर, उदयपूर, औरंगाबाद करत मुंबईला जाणारं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ विमान दुपारी एकच्या सुमारास चिकलठाण्याहून निघालं. विमानात ११८ माणसं होती. धावपट्टीच्या टोकापलीकडून रस्ता जात होता आणि त्या रस्त्यावर कापसाच्या गाठींनी भरलेला ट्रक होता. जेमतेम वर उचललेल्या विमानाचं चाक त्या ट्रकला धडकलं. पुढे काही किलोमीटरवर ते विजेच्या तारांना लागलं आणि कोसळलं. ५५ माणसं गेली, ६३ वाचली.

चौकशीत दोन कारणं पुढे आली. वैमानिकांनी विमानाचं नाक उचलायला उशीर केला आणि उचलण्याची पद्धतही चुकली, हे एक. विमानांच्या वेळेत त्या बीड रस्त्यावरची वाहतूक थांबवली गेली नव्हती, हे दुसरं. म्हणजे अपघाताचं अर्धं कारण विमानतळाच्या कुंपणाबाहेर होतं.

कोकण किनाऱ्याने खाली कर्नाटकात गेलं की मंगळुरू लागतं. तिथली धावपट्टी डोंगरमाथा सपाट करून केलेली आहे आणि टोकापलीकडे खोल उतार आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेलं विमान धावपट्टीवर फार पुढे जाऊन टेकलं, थांबू शकलं नाही आणि खाली गेलं. १५८ जणांचा मृत्यू झाला. इथे विमान उतरत होतं, आपल्याकडे उडत होतं. दोन्ही ठिकाणी धावपट्टी संपल्यावर पुढे काय आहे, हा प्रश्न जिवावर बेतला.

म्हणून धावपट्टीच्या टोकापलीकडे मोकळी, सपाट जागा राखायची असते. आंतरराष्ट्रीय नियमांत ती किमान ९० मीटर हवीच आणि मोठ्या धावपट्टीला २४० मीटर असावी अशी शिफारस आहे. ही जागा रिकामी दिसते म्हणून ती वाया गेलेली नसते. विमानतळाजवळ उंच इमारतींना बंधन असतं, कचरा टाकायला मनाई असते, कारण कचऱ्यावर घारी आणि कावळे जमतात आणि पक्षी इंजिनात जाऊ शकतात. चिकलठाणा, मुकुंदवाडी भागातल्या पालकांनी हे घरी मुलांशी जरूर बोलावं. उघड्यावर टाकलेलं खरकटं, विमानाच्या वाटेत उडवलेला पतंग, विमानाकडे रोखलेला लेझर दिवा, या गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. विमानतळ रोज चालवायचा असतो तो असा. त्यात आपणही असतो.

५. प्रवासी: खुर्ची रिकामी गेली तर काय होतं?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. जागा मिळाली, वारा बरोबर, लांबी पुरेशी, मग चिपीची मुंबई सेवा का थांबली?

आधी 'उडान' योजना समजून घेऊ. केंद्र सरकारने ती ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर केली. छोट्या शहरांतून तासाभराच्या, म्हणजे साधारण ५०० किलोमीटरच्या विमानप्रवासाला ठरावीक आसनांचं भाडं सुमारे २,५०० रुपयांच्या आत ठेवायचं. त्यात विमान कंपनीला तोटा आला तर सरकारने भरपाई द्यायची. या भरपाईत मोठा वाटा केंद्राचा आणि साधारण २० टक्के राज्याचा असतो. मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर आकारणी करून केंद्राचा पैसा उभा करतात. योजनेतली पहिली विमानं २७ एप्रिल २०१७ रोजी निघाली. त्यात आपल्या मराठवाड्यातला नांदेड-हैदराबाद मार्गही होता. चिपीचं मुंबई विमान याच योजनेतलं.

पण ही भरपाई एका मार्गाला तीन वर्षंच मिळते. ऑक्टोबर २०२१ मध्ये तीन मिळवा. उत्तर मुलं स्वतःच देतील.

आता वर्गात हिशेब मांडा. गणित सोपं राहावं म्हणून विमानात ७० आसनं आणि प्रत्येक तिकीट २,५०० रुपये धरा.

- सगळी आसनं भरली: ७० × २,५०० = १,७५,००० रुपये
- निम्मी भरली: ३५ × २,५०० = ८७,५०० रुपये

इंधन, पगार आणि देखभाल मात्र दोन्ही वेळा जवळजवळ तेवढीच. भाजीवाला संध्याकाळी उरलेली मेथी निम्म्या भावात तरी देऊन टाकतो. उडून गेलेल्या विमानातली रिकामी खुर्ची कोणालाच विकता येत नाही. सरकार भरपाई देतं तोवर ही रिकामी खुर्ची झेपते. ती थांबली की तिकीट महाग करायचं, जास्त प्रवासी आणायचे किंवा मार्ग सोडायचा, एवढेच रस्ते कंपनीपुढे उरतात.

जास्त प्रवासी कुठून येणार? २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत होती आणि २००१ पेक्षा ती थोडी घटली होती. आपल्या जिल्ह्याची तेव्हा ३७ लाख होती. सिंधुदुर्गची कितीतरी माणसं मुंबईत राहतात, त्यांना तिकडे चाकरमानी म्हणतात. गणपती, शिमगा आणि मे महिन्याच्या सुट्टीत ते घरी येतात, तेव्हा कोकण रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते. पण चौघांच्या कुटुंबाला विमानाने जाऊन-येऊन साधारण वीस हजार रुपये लागतात. रेल्वेने त्याच्या कितीतरी कमी. आणि विमान तर श्रावणातल्या मंगळवारीही भरायला हवं, नुसतं गणपतीच्या आदल्या दिवशी भरून चालत नाही.

तिसरं कारण नकाशातच दिसतं. सिंधुदुर्गच्या सीमेला लागून गोव्याचा पेडणे तालुका आहे. तिथे मोपा इथे नवा मोठा विमानतळ झाला आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली. सावंतवाडी, बांदा, दोडामार्गच्या माणसाला मोपा जवळ. तिथे विमानंही जास्त आणि शहरांची निवडही जास्त. चिपीभोवती प्रवाशांचं जे वर्तुळ होतं, त्याचा दक्षिणेचा मोठा तुकडा मोपाने घेतला.

म्हणून चिपी वाया गेला, असा निष्कर्ष मुलांना काढू देऊ नका. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. किल्ला, समुद्र आणि मालवणी जेवण तिथेच आहे. २०२४ मध्ये फ्लाय ९१ या गोव्यातल्या नव्या कंपनीने चिपीहून बंगळुरू आणि हैदराबादला छोटी विमानं सुरू केली. मुंबईला रेल्वेने रात्रीत जाता येतं. बंगळुरू, हैदराबादला जायला मात्र सोपी गाडी नाही, तिथे विमानाचा वेळ खरोखर वाचतो. मार्ग निवडताना हा फरक महत्त्वाचा असतो.

चिकलठाण्याकडे पाहा. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही १९८३ पासून जागतिक वारसा स्थळं. शिवाय वाळूज, शेंद्रा इथले कारखाने आणि भोवतालच्या जिल्ह्यांतले लोक. पर्यटक हिवाळ्यात जास्त येतात, पण कारखान्यांच्या कामाचा प्रवास बाराही महिने चालतो. एक प्रवासी कमी झाला तर दुसरा सावरतो. छोटा विमानतळ टिकायला असे दोन-तीन प्रकारचे प्रवासी लागतात.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. होकायंत्र किंवा मोबाइल घेऊन शाळेच्या मैदानाची लांब बाजू किती अंशांवर आहे ते मोजा. मैदान ही धावपट्टी असती तर तिच्या दोन टोकांना कोणते आकडे लिहिले असते?

२. आठवडाभर रोज ठरलेल्या वेळी वारा कुठून येतो ते नोंदवा. कागदाची पट्टी काठीला बांधली की झालं वारादर्शक. मग शाळेच्या 'विमानतळा'ची धावपट्टी कोणत्या दिशेने हवी ते गटात ठरवा.

३. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून. बदल झाल्यावर पालकांनी मोबाइलवर चिकलठाणा आणि चिपीहून कोणत्या शहरांना विमानं आहेत ते मुलांसोबत शोधावं. मागच्या वेळेपेक्षा कोणतं शहर वाढलं, कोणतं गेलं? वहीत लिहून ठेवलं तर दोन वर्षांत छान नोंद तयार होते.

४. पाचवीच्या पुढच्या वर्गात चर्चा घ्या: 'गावाजवळ विमानतळ हवा का?' एक गट शेतकऱ्यांचा, ज्यांची जमीन जाईल. एक हॉटेलवाल्यांचा, एक चाकरमान्यांचा, आणि एक अशा गावकऱ्यांचा, जे कधीच विमानाने जाणार नाहीत पण ज्यांच्या कराचे पैसे त्यात जातील. प्रत्येक गटाने निदान एक आकडा देऊन बोलायचं, नुसतं मत चालणार नाही.

चौथ्या उपक्रमाला वेळ द्या, घाई करू नका. आजच्या मुलांच्या हयातीत त्यांच्या तालुक्यात कुठला ना कुठला मोठा प्रकल्प येणारच. कधी रस्ता, कधी धरण, कधी विमानतळ. भूमिपूजनाला टाळ्या सगळेच वाजवतात. तो प्रकल्प दहाव्या वर्षी कसा चालेल, त्याच्या टोकापलीकडे काय असेल आणि रिकाम्या खुर्चीचे पैसे कोण देईल, हे विचारणारी चार मुलं वर्गातून निघाली तरी वाहतुकीचा पाठ कामी आला.

तुमच्या वर्गात चर्चेत कोणता गट जिंकला आणि कोणत्या आकड्यावर जिंकला, ते जरूर कळवा.